जुन्या वेकबोर्ड बोटीतील बॅलास्ट: पिशवी आपोआप रिकामी होणे आणि पंपाने पाणी न उचलणे

आमच्या बोटीत गेले तीन उन्हाळे एकच तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवत होती. सकाळी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिनेटोंका तलावावर बोट उतरवली की मागच्या दोन्ही बॅलास्टच्या, म्हणजे बोट जड करण्यासाठी पाणी भरण्याच्या, पिशव्या व्यवस्थित भरत. पहिली फेरी उत्तम होई, दुसऱ्या फेरीत मागे दोरीला धरून वेकबोर्डवर, म्हणजे पायांना बांधलेल्या फळीवर, उभा असलेला मुलगा बोटीमागे उठणारी उजवीकडची लाट बसल्याची खूण करी, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत बोट डाव्या अंगाला इतकी कललेली असे की चालवणाऱ्याला सुकाणू सतत सावरून धरावे लागे. उजव्या कप्प्याचे झाकण उघडून पाहिले की पिशवीतील एक तृतीयांश पाणी नाहीसे झालेले दिसे. ते भरून काढण्यासाठी बटण दाबले, तर पंप फिरत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येई, पण पिशवीत थेंबही पडत नसे. दहा-पंधरा मिनिटे थांबून, बोट थोडी मागे-पुढे घेऊन पुन्हा बटण दाबले, तर कधी पाणी चढे आणि कधी चढत नसे.

या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असे मी बराच काळ समजत होतो आणि त्या समजुतीपायी पहिल्या दोन उन्हाळ्यांत भरण्याचा पंप दोनदा बदलला. काढलेले दोन्ही पंप आजही बादलीत सोडले तर उत्तम चालतात. दोष पंपात नव्हता, तो नळीच्या मार्गात होता, आणि दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. जुन्या बोटीत ज्यांनी स्वतः किंवा आधीच्या मालकाने बॅलास्ट बसवले आहे, त्यांच्यापैकी अनेकांना हाच त्रास होत असणार, म्हणून कारण आणि दुरुस्ती सविस्तर लिहीत आहे.

प्रथम बोटीची रचना सांगतो. आमची बोट १९९० च्या दशकाच्या अखेरची, २१ फुटी, इंजिन मागे असलेली आहे. त्या काळातील पुष्कळ बोटींचे तळ मुळात वॉटर स्कीइंगसाठी आखलेले होते. याच मिनेसोटा राज्यात १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन याने लेक पेपिनवर दोन फळ्यांवर उभे राहून जे स्कीइंग करून दाखवले, त्या खेळाला मागची लाट जितकी सपाट तितकी चांगली. वेकबोर्डिंगला नेमके उलटे हवे असते, म्हणजे उंच, टणक आणि दोन्ही बाजूंना सारखी लाट. तळ बदलता येत नसल्यामुळे बोट जड करून ती पाण्यात खोल बसवणे एवढाच उपाय उरतो, आणि त्यासाठी आसनांखालच्या कप्प्यांत जाड कापडी पिशव्या ठेवून त्यांत तलावाचेच पाणी भरतात. गोड्या पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे बाजारात ७५० पाउंडी म्हणून मिळणाऱ्या पिशवीत सुमारे ३४० लिटर, म्हणजे ९० गॅलन पाणी मावते. एका अंगाचे शंभर-सव्वाशे लिटर पाणी गळून गेले, तर दीड-दोन माणसे त्या बाजूने उठून गेल्यासारखे होते, लाट बिघडणारच.

आमच्या बोटीत अशा दोन पिशव्या मागे आणि एक लहान पिशवी पुढे आहे. तळाला तलावाचे पाणी आत घेणारे एकच आरपार फिटिंग आहे, त्यावर हाताने फिरवण्याचा बॉल व्हॉल्व्ह आहे, त्यापुढे तीन फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्यावर एरेटर जातीचा एकेक पंप आहे. हा पंप भरण्यापुरता असतो. रिकामे करण्यासाठी प्रत्येक पिशवीच्या तळाशी स्वतंत्र पंप आहे आणि त्याची नळी बोटीच्या बाजूला वर असलेल्या भोकातून पाणी बाहेर टाकते. पिशवीच्या माथ्यावरून हवेची तिसरी नळी निघते, आणि पिशवी पूर्ण भरली की त्याच नळीतून पाणी बाहेर सांडते, त्यावरून पिशवी भरल्याचे कळते.

एरेटर पंपाचा स्वभाव समजला की अर्धी समस्या सुटते. हा केंद्रापसारी पंप आहे. त्याच्या आतले पाते घट्ट बसलेले नसते, चहूबाजूंनी मोकळी जागा असते, आणि त्यामुळे पंप बंद असताना पाणी त्यातून दोन्ही दिशांना बिनदिक्कत वाहते. बंद पंप म्हणजे बंद तोटी नव्हे, उघडी नळी होय. दुसरे असे की या पंपाला हवा ओढता येत नाही. पात्याभोवती पाणी असेल तरच तो पाणी ढकलतो; त्या पोकळीत हवा असेल तर पाते नुसते फिरत राहते. म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो. आमच्या गावी विहिरीवरच्या मोटारीने पाणी सोडले की वडील आधी फूट व्हॉल्व्ह तपासत, मग सक्शनचा पाइप हाताने चाचपत आणि मोटारीला हात सर्वांत शेवटी लावत. तोच क्रम इथेही बरोबर आहे.

आता बोट चालू असताना काय घडते ते पाहू. वेकबोर्डिंगचा वेग साधारणपणे ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने तळाखालून पाणी सरकत असताना सपाट तोंडाच्या फिटिंगपाशी दाब कमी होतो आणि शिवाय बोट वर उचलली गेल्याने पिशवीतील पाणी तलावाच्या पातळीपेक्षा उंचावर येते. बॉल व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर पिशवीतील पाणी भरण्याच्याच नळीतून, बंद पंपाच्या मोकळ्या पात्यावरून, उलट्या दिशेने तलावात परत जाते. शाळेत शिकलेली वक्रनलिका, म्हणजे सायफन, ती हीच. भरण्याची नळी पिशवीच्या माथ्यावर जोडली आहे, मग पाणी खाली कसे उतरेल, असा प्रश्न मलाही पडला होता. पिशवी पत्र्याची टाकी नाही, हे त्याचे उत्तर आहे. पाणी कमी होऊ लागले की कापड खाली बसते, त्याबरोबर माथ्यावरचे तोंडही खाली येते आणि पाण्यातच राहते. पिशवी कप्प्यात कोंबून बसलेली असेल तर तोंड वर टिकते आणि गळती लवकर थांबते. आमचा डावा कप्पा अरुंद आहे आणि उजवा ऐसपैस आहे, म्हणून उजवीच पिशवी रिकामी होत होती. एवढ्या साध्या गोष्टीने मला दोन वर्षे उजव्या पंपावर संशय घ्यायला लावले.

दुसरी तक्रार याच घटनेतून जन्मते. तोंड अखेर उघडे पडले की नळीत हवा शिरते, नळी आणि पंप दोन्ही रिकामे होतात. बोट थांबल्यावर तलावाचे पाणी खालून पुन्हा वर येते खरे, पण नळी जर मध्येच वर जाऊन खाली उतरत असेल, तर त्या खोलगट वळणात आधीचे पाणी साचून राहिलेले असते आणि पंपाच्या पोकळीतील हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली पाणी, वर पाणी आणि मध्ये हवा, अशी ती कोंडी होते. बोट मागे-पुढे घेतल्यावर कधी कधी पंप चालू लागतो, कारण त्या हालचालीत बुडबुडा सुटून जातो.

तपासणी कुठल्या क्रमाने करावी ते सांगतो, कारण क्रम चुकला तर दिवस वाया जातो. पिशव्या भरून झाल्यावर कप्प्याच्या आतल्या भिंतीवर पिशवीच्या माथ्याच्या उंचीला चिकटपट्टीची खूण करा. मग तळाचा बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून नेहमीच्या वेगाने दहा मिनिटे बोट चालवा आणि खुणेशी ताडून पहा. पाणी जागच्या जागी राहिले, तर गळती भरण्याच्या बाजूने आहे. व्हॉल्व्ह बंद असूनही पाणी घटले, तर ते रिकामे करण्याच्या नळीतून किंवा हवेच्या नळीतून जात आहे, किंवा पिशवीच फाटून पाणी बोटीच्या तळाशी साचत आहे. शेवटचे कारण ओळखणे सोपे आहे; तळातील पाणी उपसणारा पंप वारंवार चालू झाला की समजावे. आमच्या बाबतीत व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर उजवी पिशवी खुणेवरून पेरभर सुद्धा हलली नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंतर व्हॉल्व्ह उघडून बटण दाबताच पंपाने पहिल्या क्षणी पाणी उचलले. नळीत पाणी टिकून राहिले होते, म्हणून हवा शिरलीच नव्हती. दोन्ही तक्रारींचे मूळ एक असल्याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

याचा अर्थ, ज्यांना काहीही खर्च न करता सुटका हवी आहे त्यांनी पिशव्या भरल्यावर तळाचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि पुन्हा भरताना उघडावा. हे मी कळकळीने सांगतो आणि त्याचे कारण गळतीपुरते मर्यादित नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवून भरलेली बोट धक्क्याला बांधून ठेवली, तर पाणी आपोआप पिशव्यांत चढत राहू शकते. बोट जितकी खाली बसेल तितकी पाण्याची पातळी पिशवीच्या मानाने वर येते आणि भरण्याचा वेग टिकून राहतो. एखादी जोडणी सुटलेली असेल तर तेच पाणी बोटीत येते. रात्रभरात बोट बुडण्यासाठी यापेक्षा अधिक काही घडावे लागत नाही. अडचण एवढीच की जुन्या बोटीत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या झाकणाखाली असतो आणि प्रत्येक फेरीला तो फिरवणे कोणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून नळ्यांचा मार्गच असा करावा की विसर पडला तरी नुकसान होऊ नये.

मी केलेली दुरुस्ती पंपापासून सुरू होते. आमचे पंप आडवे बसवलेले होते आणि त्यांचे बाहेर पडण्याचे तोंड बाजूला वळलेले होते. त्यामुळे पोकळीच्या वरच्या भागात हवा कायम अडकत असे. बहुतेक पंपांचे डोके सैल करून फिरवता येते. ते फिरवून तोंड सरळ वर, घड्याळातील बाराच्या दिशेला आणले. त्यानंतर नळी. पंपापासून पिशवीपर्यंत नळी सतत चढती असावी, मध्ये कुठेही पोट सुटू नये. पूर्वीची नळी इंजिनाच्या चौकटीखालून जाऊन मग वर चढत होती आणि तिथेच तो खोलगट भाग तयार झाला होता. नवी नळी भिंतीला धरून, दर अर्ध्या फुटावर पट्टीने आवळून वर नेली. नळी एक इंचाची, आतून गुळगुळीत आणि बाहेरून तारेचे वेटोळे असलेली घ्यावी. पातळ पारदर्शक नळी ओढीने चपटी होते, हे विशेषतः तळाचे फिटिंग आणि पंप यांच्यामधल्या भागात लक्षात ठेवावे. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प, एकमेकांकडे उलट तोंडे करून, आवळावेत.

पंपाच्या तोंडावर लगेच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तिथून सहा मिलिमीटरची बारीक नळी बोटीच्या कडेपर्यंत वर नेली आणि लहान भोकातून बाहेर काढली. या एका नळीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही. बोट पाण्यात उतरताच तलावाचे पाणी पंपात चढते आणि अडकलेली हवा या नळीतून निघून जाते. पंप चालू असताना तिच्यातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते, त्यावरून पंप खरोखर पाणी उचलतो आहे हे झाकण न उघडता कळते. टीच्या वर, चढत्या नळीत, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पिशवीतील पाणी उलटे येत नाही. चेक व्हॉल्व्हची जागा महत्त्वाची आहे. अनेक जण तो पंपाच्या तोंडाला चिकटून बसवतात आणि मग पंप पूर्वीपेक्षाही अधिक वेळा हवा धरतो. त्याचे कारण असे की हवेत फिरणाऱ्या पात्याला व्हॉल्व्हची स्प्रिंग उघडण्याइतका दाब निर्माण करता येत नाही आणि व्हॉल्व्ह न उघडल्याने हवा बाहेर जात नाही. आधी हवेची वाट, मग चेक व्हॉल्व्ह, हा क्रम पाळावा, आणि शक्यतो स्प्रिंगऐवजी झुलत्या झडपेचा, कमी दाबाने उघडणारा व्हॉल्व्ह घ्यावा.

इथे एक नवा दोष उद्भवू शकतो आणि तो मला गणित मांडल्यावरच समजला. तीनही पंप एका फिटिंगवर असतील आणि ते फिटिंग लहान असेल, तर एकत्र भरताना पंप एकमेकांचे पाणी ओढतात. एकच पंप चालू केला तर तो चेक व्हॉल्व्ह नसलेल्या शेजारच्या पिशवीतूनही पाणी खेचतो. हवेची बारीक नळी बसवल्यावर तो शेजारच्या बंद पंपाच्या नळीतून चक्क हवा ओढू लागतो. आमच्या तळाला एक इंचाचे फिटिंग होते. तीन पंप मिळून मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सेकंदाला २ लिटर पाणी मागत असतील, तर एक इंचाच्या भोकातून त्याला सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने यावे लागते आणि एवढ्या वेगासाठीच सुमारे ८० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब खर्ची पडतो. पंप पाण्याखाली जेमतेम ३० सेंटिमीटर असतात. हिशेब जुळत नाही. फिटिंग दीड इंचाचे केले की वेग सेकंदाला पावणेदोन मीटरवर येतो आणि तो खर्च १६ सेंटिमीटरवर उतरतो. म्हणून मी फिटिंग, बॉल व्हॉल्व्ह, गाळणी आणि फाटे फुटेपर्यंतचा सगळा मार्ग दीड इंचाचा केला. ज्यांना तळाला हात लावायचा नाही, त्यांनी एका वेळी एकच पिशवी भरावी आणि प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावा.

तळाला भोक पाडण्याचे काम घाईने करू नये. फायबरग्लासच्या जुन्या बोटीत काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाकूड असते. भोकाच्या आतल्या कडेला लाकूड उघडे राहिले, तर ते वर्षानुवर्षे पाणी शोषून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्या जुन्या भोकाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले तेव्हा ते ओल्या पावात रुतावे तसे आत गेले. कुजलेला भाग खरवडून, हीटरने दोन दिवस वाळवून आणि इपॉक्सी भरून घट्ट केल्यावरच त्या जागी नवे भोक पाडले. फिटिंग आणि व्हॉल्व्ह ब्राँझचे घेतले. बाहेरचे तोंड सपाट ठेवावे की पुढे उघडणाऱ्या पळीसारखे, यावर मतभेद आहेत. पुढे तोंड असलेली पळी हवा धरू देत नाही, पण वेगात असताना ती पाणी पिशवीत कोंबत राहते, आणि हवेची नळी अरुंद असेल तर पिशवीच्या शिवणीवर ताण येतो. मी सपाट तोंड ठेवले.

ज्यांच्या तपासणीत व्हॉल्व्ह बंद असूनही पाणी घटले, त्यांनी रिकामे करण्याच्या बाजूकडे वळावे. पंप एकदा चालला की नळी पाण्याने भरलेली राहते, आणि बाहेरचे तोंड पिशवीतील पाण्यापेक्षा खाली असेल तर पंप बंद केल्यावरही पाणी वाहतच राहते. भरलेली बोट खोल बसते आणि वळणावर कलते, तेव्हा तलावाचे पाणी त्याच तोंडातून आत येण्याचाही धोका असतो. यावर उपाय म्हणजे नळी बोटीच्या काठाखाली जितकी उंच नेता येईल तितकी नेऊन, तिथे उलट्या इंग्रजी यू आकाराचे, माथ्यावर हवेची लहान झडप असलेले वळण बसवणे. पाणी ओढले जाऊ लागले की झडप उघडून आत हवा घेते आणि सायफन तुटतो. नुसते उंच वळण, झडपेशिवाय, पुरत नाही. भरलेल्या नळीला उंचीचे बंधन जुमानायचे कारण नसते.

हवेच्या नळीबद्दल थोडेच सांगायचे आहे. ती पिशवीच्या खरोखर उंच भागावर असावी आणि तिच्यातही बाहेर जाऊ देणारा, आत न घेणारा चेक व्हॉल्व्ह असावा, म्हणजे रिकामी होताना पिशवी चपटी होत जाते आणि तळाचा पंप शेवटपर्यंत पाण्यात राहतो. कधी पिशवीचे कापड तळाच्या तोंडावर बसून पाणी अडवते. तोंडाच्या आत जाळीदार तुकडा बसवल्याने ते टळते.

इतके सगळे करूनही पिशवी सावकाश भरत असेल, तर वीज तपासावी. ८०० गॅलनचा पंप म्हणजे ताशी ३,००० लिटर, मिनिटाला ५० लिटर, हा आकडा वरच्या उंचीचा आणि वळणांचा विचार न करता दिलेला असतो. ३४० लिटरच्या पिशवीला आठ ते दहा मिनिटे लागली तर ते ठीक आहे, वीस मिनिटे लागली तर नाही. पंप चालू ठेवून व्होल्टमीटरची टोके थेट पंपाच्या तारांना लावावीत. आमच्या बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट होते आणि पंपापाशी १०.४. वाटेत एका जोडावर तांब्याचा हिरवट गंज चढला होता आणि तारही बारीक होती. पंपाचा वेग १७ टक्क्यांनी घटला तर पाणी चढवण्याची त्याची उंची जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कथिलाचा मुलामा दिलेली जाड तार टाकून आणि जोड उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करून हा दोष गेला. इथे एक गोष्ट कधीही विसरू नये: इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचू शकते, म्हणून त्या कप्प्यातील प्रत्येक पंप, रिले आणि स्विच ठिणगी बाहेर न पडू देणारा, तसा स्पष्ट शिक्का असलेलाच हवा. मोटारगाडीचा स्वस्त रिले तिथे चालणार नाही, आणि अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे नियमही तेच सांगतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी रबरी पात्यांचा, दोन्ही दिशांना फिरणारा पंप घ्यावा असे माझे मत आहे. तो हवाही ओढतो, एकाच नळीने भरतो आणि रिकामेही करतो, आणि थांबला की पाती नळी जवळजवळ बंद करतात, म्हणून वर सांगितलेले बहुतेक त्रास होत नाहीत. मात्र तो वीज पुष्कळ जास्त घेतो, आवाज करतो, आणि कोरडा चालला तर थोड्याच वेळात त्याची पाती जळतात. पाती झिजली की गळती पुन्हा सुरू होते. ज्यांच्याकडे एरेटर पंप आधीच आहेत त्यांनी केवळ या समस्येपायी ते फेकून देऊ नयेत.

वजनाची मर्यादाही इथेच सांगायला हवी. अमेरिकेत २० फुटांहून लहान मोटारबोटीवर क्षमतेची पाटी सक्तीची असते आणि पिशव्यांतील पाणी माणसांइतकेच त्या आकड्यात धरायचे असते. आमच्या बोटीसारख्या मोठ्या बोटीला पाटी नसली तरी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतील आकडा पाळावा. पुढची पिशवी भरलेली असताना वेग एकदम कमी केला तर स्वतःचीच मागून आलेली लाट नाकावरून आत येते. ते मी एकदा पाहिले आहे; गुडघाभर पाणी क्षणात आत आले होते.

आता राहिले तलावातून बाहेर पडताना करायचे काम. झेब्रा शिंपले १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातूनच उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोहोचले, आणि मिनेटोंकात ते २०१० मध्ये आढळले. त्यांची पिल्ले डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असतात आणि पिशवीत उरलेल्या दोन-चार लिटर पाण्यातूनही दुसऱ्या तलावात जाऊ शकतात. म्हणूनच मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना पाणी सोडण्याची सर्व बुचे काढलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. पंपाने रिकामी केलेली पिशवी खरोखर रिकामी नसते. मी पंप बंद झाल्यावर तिचा मागचा कोपरा उचलून धरतो, पाणी तळाच्या तोंडाकडे लोटतो आणि पंप पुन्हा मिनिटभर चालवतो. पहिल्या वेळी असे केले तेव्हा जवळजवळ दोन बादल्या पाणी निघाले. दुसऱ्या तलावावर जायचे असेल तर तपासणी केंद्रावर सुमारे १२० अंश फॅरनहाइटच्या गरम पाण्याने पिशव्या धुऊन घ्याव्यात.

थंडी पडण्यापूर्वी हेच काम अधिक काटेकोरपणे करावे लागते, कारण गोठलेले पाणी गाळणीचे भांडे आणि पंपाचे कवच हमखास फोडते. पिशव्या बाहेर काढून वाळवाव्यात, तळाचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवावा म्हणजे गोळ्यामागे अडकलेले पाणी निघून जाईल, आणि प्रत्येक भरण्याच्या फाट्यात गुलाबी रंगाचे, सहज न गोठणारे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रावण बारीक नळीच्या तोंडातून ओतावे. हवा बाहेर काढण्यासाठी बसवलेली तीच नळी इथे वरून भरण्याच्या कामी येते. तळाच्या फिटिंगमधून गुलाबी थेंब पडू लागले की पंप वरपासून खालपर्यंत भिजला आहे, आणि मग व्हॉल्व्ह बंद करावा.